चार नंबरचं ठाण

माझ्या स्वयंपाकघराला नाव आहे.
दारावर तामचिनीची पाटी, निळ्या अक्षरांत: मार्जोरी.
नव्या पोस्टमनला वाटतं ते माझंच.
मी दुरुस्त करत नाही.

मार्जोरी घोडी होती. करडी, डाव्या कानाला चीर.
जिथे माझा ओव्हन आहे तिथे तिचं तोंड असायचं,
जिथे मी भांडी विसळते, तिथे...
जाऊ दे.

हॅरोसाइडची पागा. चौदा ठाणी, मधे फरसबंद चौक.
उमराव गेले, मग ट्रॅक्टर आले, मग कोंबड्या,
मग अठरा वर्षं कुणीच नाही,
मनोऱ्यातून बर्चचं रोप हात हलवायचं.
आणि मग, वरातीमागून घोडं, कायदा आला.
आता सात कॉटेजेस, कचऱ्याचे सात डबे
(मागच्या बाजूला; पुढून दिसता कामा नयेत)
आणि साडेतीनला थांबलेलं एक घड्याळ,
जे थांबलेलंच ठेवायचा ठराव आहे.

मंगळवारी वारसा खात्याचा माणूस आला,
रुअरी प्रिंगल, कोवळा, बूट भिजलेले.
मी अर्ज केला होता उंबऱ्याशी कठडा हवा म्हणून.
आत उतरताना वीतभर खोल आहे.
म्हणाला, "हा दगड सतराशे ब्याण्णवचा आहे, मिस डॉड."
म्हटलं, "गुडघा सत्तेचाळीसचा."
हसला, मग हसल्याचं वाईट वाटलं त्याला.

यादी वाचून दाखवली, अनुक्रमे:
गव्हाण, बिडाची.
वैरणीची जाळी.
मूत वाहून न्यायची पन्हळ, उतारासकट.
ओकच्या फळीवर दातांचे ओरखडे,
पॉलिश करू नये, बुजवू नये.
मार्जोरीच्या कंटाळ्याला सरकारी संरक्षण!

माझ्या आजोबांचा कंटाळा कुठल्या यादीत आहे?
इझ्राएल डॉड, बाराव्या वर्षी मोतद्दाराच्या हाताखाली.
खरारा, चंदी, पाणी, परत खरारा.
झोपायला वरचा माळा, जिथे आज माझी खाट आहे
आणि चार वर्षं भांडून मिळवलेली छताची खिडकी.
पोरांच्या नावाच्या पाट्या नव्हत्या.
पण थंडीत, ते सांगायचे,
फळ्यांच्या फटींतून घोड्यांची ऊब वर यायची,
ओल्या गवताच्या वासाची, श्वासाच्या तालाची.
पांघरूण लागायचं नाही.

चौदाच्या ऑगस्टात लष्कराचा कागद आला.
एका सकाळी अकरा घोडे, रांगेनं, स्टेशनपर्यंत.
अकरावी मार्जोरी. मालगाडीच्या फळीवर चढेना.
आजोबांनी तिच्या चिरलेल्या कानात काहीतरी सांगितलं.
काय, ते मला कधीच सांगितलं नाही.
अकरा म्होरक्या खांद्यावर टाकून चालत परत आले,
अकरा खुंट्यांवर टांगल्या,
आणि त्या रात्री, ऐन ऑगस्टात,
माळ्यावर त्यांना पहिल्यांदा थंडी वाजली.

हे मी रुअरीला सांगितलं नाही.
चहा दिला.
तो म्हणाला, भिंतीला भोक पाडता येणार नाही, माफ करा.
मग निघताना उंबऱ्याशी स्वतःच अडखळला,
आणि हात आपोआप गेला
भिंतीतल्या लोखंडी कडीकडे, कमरेच्या उंचीवर.
आम्ही दोघं कडीकडे बघत राहिलो.
"ही यादीत आहे?"
"तेवीस नंबर." कागद उलटून पाहिला.
"धरू नये असं कुठे लिहिलेलं नाही."

आता रोज सकाळी ती कडी धरूनच उतरते.
बाहेरून गंजकी, आतून गुळगुळीत,
दोनशे वर्षांच्या हिसक्यांनी.
गार लागते. मग लागत नाही.
आणि दगडावर पाय टाकण्याआधी
क्षणभर थबकते, सवयच झाली आहे.
सगळी घोडी तशीच उतरायची म्हणे या ठाणात:
आधी कान, मग पाय.